गल्लीतल्या गाजलेल्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायचं कसं

तीसेक खुर्च्या, उघडं स्वयंपाकघर, फळ्यावर खडूनं लिहिलेले आजचे पदार्थ आणि दाराशी ताटकळणारी माणसं. अशा जागेतून जेवून आलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पास्ता यायच्या आतच पोट भरलं. सगळं एकदम आलं आणि निम्मं गार झालं. शाकाहारी समजून मागवलं त्यात मासा निघाला. बिल अंदाजाच्या दीडपट झालं. स्वयंपाक वाईट होता असं मात्र सहसा कुणी म्हणत नाही.

या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत असतं. बसल्याबसल्या भूक बोलते आणि सगळी ऑर्डर एका दमात देऊन टाकली जाते. छोट्या स्वयंपाकघरात तीन-चार माणसं राबत असतात आणि त्यांचं सगळं काम वेळेच्या हिशोबावर चालतं. त्या हिशोबाशी जुळवून घेतलं की जेवण सुरळीत होतं. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं घ्या.

१. घरून निघण्याआधी

टेबल. गाजलेल्या जागा बुकिंग ठरावीक दिवस आधी खुलं करतात. किती दिवस आधी, ते एकदा विचारून ठेवा. फोन करायचा तर दुपारची गर्दी ओसरल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी करा. ऐन गर्दीत केलेल्या फोनला उत्तर मिळतं, लक्ष मिळत नाही.

दोघांचं आणि चौघांचं टेबल लवकर मिळतं. पाच-सहा जणांसाठी टेबलं जोडावी लागतात, आणि त्याहून जास्त माणसं असली तर अनेक ठिकाणी ठरलेला सामूहिक मेन्यूच घ्यावा लागतो. चौघांचं बुकिंग करून सहा जण जाणं ही सर्वात वाईट सवय. दोन खुर्च्या कुठून तरी येतात, पण टेबल चौघांचंच राहतं, आणि मग ताटं मांडीवर ठेवायची वेळ येते.

वेळ. दार उघडल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात गेलात तर फळ्यावरचं सगळं शिल्लक असतं आणि वेटरला बोलायला सवड असते. शेवटच्या फेरीत गेलात तर निवांत बसता येतं, पण आजचे खास पदार्थ संपलेले असण्याची तयारी ठेवा. मधल्या वेळेत दोन्हीकडून नुकसान. प्रेमिकांचे दिवस आणि वर्षाखेर टाळता आली तर टाळा, कारण तेव्हा नेहमीचा मेन्यू बाजूला ठेवून ठरावीक जेवण वाढलं जातं.

बुकिंग मिळालं नाही तर दोघांनी थेट जाऊन काउंटरवरच्या जागा विचाराव्यात. त्या पुष्कळदा बुकिंगवर दिल्या जात नाहीत. माझ्या मते दोघांसाठी त्याच सर्वात चांगल्या. समोर स्वयंपाक दिसतो, आणि पदार्थ हातात येईपर्यंत गार होत नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न. टेबल किती वेळासाठी आहे? दीड तास आणि दोन तास यांत खूप फरक पडतो, आणि पुढचा सगळा क्रम त्यावर ठरतो. कुणाला गंभीर ॲलर्जी असेल तर ती आत्ताच सांगा. सोबत वयस्कर माणसं असतील तर भिंतीकडेचं किंवा कोपऱ्यातलं टेबल मागा. उघड्या विटा, काच आणि लाकडी फरशी यांमुळे अशा जागांत आवाज घुमतो, आणि मधल्या टेबलावर शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही.

मेन्यू घरीच वाचून ठेवा, पण त्यावर मन घट्ट बसवू नका. तो हंगामाप्रमाणे बदलतो आणि वेबसाइटवरचा बरेचदा जुना असतो.

> निघण्याआधी तपासा: माणसांचा आकडा बदलला असेल तर कळवलंय का? रद्द केल्यास कार्डावरून पैसे कापले जातात का? टेबल किती मिनिटं राखून ठेवतात? पुष्कळ ठिकाणी पंधराच मिनिटं.

२. पोचल्यावर, ऑर्डरच्या आधी

सगळी मंडळी आल्याशिवाय काही ठिकाणी बसवत नाहीत, त्यामुळे ‘तुम्ही पुढे व्हा, मी आलोच’ इथे चालत नाही. टेबल दाराच्या झोतात, शौचालयाच्या वाटेवर किंवा ताटं बाहेर येतात त्या खिडकीला लागून असेल तर बसण्याआधीच दुसरं मागा. पाणी ओतून झाल्यावर जागा बदलणं सगळ्यांनाच नकोसं होतं.

वेटर पहिल्यांदा आला की चार गोष्टी एका दमात सांगून टाका: कुणाला काय चालत नाही, तुम्ही वाटून खाणार की ज्याचं त्याचं, निघायची घाई आहे का, आणि बिल एक हवं की वेगवेगळं. शेवटचं आधीच का? कारण वेगळ्या बिलांसाठी पदार्थ सुरुवातीपासून वेगळे नोंदवावे लागतात. जेवण झाल्यावर सांगितलं तर वेटरला बसून वजाबाकी करावी लागते.

मग पाण्याचा प्रश्न येतो: साधं की बुडबुड्यांचं? दोन्हींच्या बाटल्या बिलात लागतात. नळाचं गाळलेलं पाणी हवं असेल तर तसं स्पष्ट म्हणा. न मागता आलेले ऑलिव्ह आणि ब्रेडची टोपली यांबद्दलही विचारा. कुठे ती फुकट असते, कुठे नसते. इटलीत तर बऱ्याच ठिकाणी माणशी ‘कोपेर्तो’ नावाचा आकार बिलात लागतो आणि बहुधा ब्रेड त्यातच धरलेला असतो.

> सावधान: गरम फोकाच्चा ब्रेड आणि ऑलिव्ह तेल पहिल्या दहा मिनिटांत संपवलं तर पास्त्याची भूक तिथेच संपते. एकेक तुकडा घ्या आणि टोपली टेबलावर राहू द्या. पुढे सॉस पुसायला ब्रेड लागतोच.

आत्ता फक्त पेय मागवा. पेय येईपर्यंत मेन्यू नीट वाचून होतो. स्प्रिट्झ, म्हणजे वाइन आणि सोडा घालून केलेलं पेय, हलकं असतं. नेग्रोनी मात्र जिन, कांपारी आणि वेर्मूथ समप्रमाणात घेऊन करतात, त्यामुळे रिकाम्या पोटी ती जपून घ्या. अल्कोहोल नको असेल तर कडवट चवीचे बिनअल्कोहोल सोडे बऱ्याच जागी असतात.

३. मेन्यू वाचणं

घोळ होतो तो बहुतेक इथेच, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

इटालियन मेन्यू साधारण पाच भागांत असतो. अँटिपास्ती म्हणजे सुरुवातीचे छोटे पदार्थ. प्रिमीमध्ये पास्ता, रिसोटो (मऊसर भात), न्योक्की (बटाट्याचे छोटे गोळे) आणि सूप येतात. सेकोंदीमध्ये मांस आणि मासे. कोंतोर्नी म्हणजे भाज्या आणि सॅलड, आणि दोल्ची म्हणजे गोड. पिझ्झा असला तर त्याचा वेगळा रकाना असतो. प्रत्येकानं पाचही भागांतून घ्यावं अशी कुणाची अपेक्षा नसते. इटलीतली माणसंही रोज तसं जेवत नाहीत.

प्रमाण. वेटरला विचारायचा सर्वात उपयोगाचा प्रश्न हा: ‘इथला पास्ता अर्ध्या जेवणाइतका असतो की पूर्ण जेवणाइतका?’ इटलीत प्रिमोसाठी माणशी साधारण ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता धरतात, कारण पुढे सेकोंदो येणार असतो. इतरत्र तीच थाळी अख्खं जेवण म्हणून वाढली जाते. उत्तर कळल्याशिवाय आकडे ठरवू नका.

पास्ता पूर्ण जेवणाइतका असेल तर दोघांना एक अँटिपास्तो, दोन पास्ते आणि एक भाजी पुरेशी होते. सेकोंदो हवाच असेल तर एक पास्ता कमी करून तो वाटून घ्या. चौघांसाठी तीन अँटिपास्ती, दोन-तीन प्रिमी, एक मोठा सेकोंदो आणि दोन भाज्या असं धरा, आणि शंका आली तर एक पदार्थ वगळा. नंतर वाढवता येतं; आलेलं परत करता येत नाही.

सेकोंदी सहसा एकटे येतात. माशाचा तुकडा म्हणजे माशाचा तुकडा. सोबत बटाटे किंवा पालेभाजी गृहीत धरू नका. ‘एवढ्या पैशांत नुसता मासा?’ ही तक्रार कोंतोर्नीचा रकाना न वाचल्यामुळे होते.

सॉसची वाटणी. चौघांच्या चार पास्त्यांपैकी तीन टोमॅटोचे निघाले तर वाटून खाण्यात अर्थ राहत नाही. एक टोमॅटोचा, एक चीज किंवा लोण्याचा, एक तेल-लसणाचा किंवा भाजीचा, असं बघा. हाच नियम तळणीला लावा: तळलेला अँटिपास्तो घेतला असेल तर सेकोंदो तळलेला नको. सुरुवातीला बुराटा, मधे काचो ए पेपे आणि शेवटी तिरामिसू अशी ऑर्डर तर फारच दिसते. मोझरेलाच्या पिशवीत भरलेली साय, मग पेकोरिनो चीजचा सॉस, मग मस्कारपोने. तिसऱ्या पदार्थापर्यंत जीभ थकलेली असते आणि दोष तिरामिसूला दिला जातो.

पिझ्झा. दोन घराणी ओळखून ठेवा. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा सव्वाचारशे ते पावणेपाचशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत साधारण ६० ते ९० सेकंद भाजतात. त्याची कड फुगलेली, काळे ठिपके पडलेली, आणि मधला भाग मऊ, ओलसर असतो. हा मऊपणा म्हणजे कच्चेपणा समजून पिझ्झा परत पाठवणारे रोज भेटतात. कुरकुरीत तळ आवडत असेल तर रोमच्या पद्धतीचा पातळ पिझ्झा मिळतो का विचारा. कुठलाही असला तरी तो आल्याबरोबर खायचा. म्हणून पिझ्झा पास्त्याबरोबर मागवू नका. चौघांत एक वाटून, अँटिपास्तीच्या जागी, तो छान बसतो.

अपेक्षा चुकवणारी नावं. रोमच्या पद्धतीच्या कार्बोनारात क्रीम नसतं; अंडं, पेकोरिनो, मिरी आणि ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं. पिझ्झा मारिनारात ना मासे असतात ना चीज, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. इटालियनमध्ये पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची, त्यामुळे इटालियनमध्ये लिहिलेल्या मेन्यूवर तो शब्द वाचून मसालेदार सॉसेजची वाट बघू नका.

बिल वाढवणाऱ्या जागा. तीन आहेत. पहिली, वजनावर विकले जाणारे पदार्थ. अख्खा मासा आणि फ्लोरेन्सच्या पद्धतीचा हाडासकट जाड स्टेक यांची किंमत पुष्कळदा १०० ग्रॅमला किंवा किलोला लिहिलेली असते, आणि तो स्टेक सहज किलोभराचा असतो. मोजतात ते कच्चं वजन. ‘आज आहे तो किती ग्रॅमचा, आणि त्याचे एकूण किती होतील?’ असं सरळ विचारा. हा स्टेक आतून लालच वाढतात. पूर्ण शिजलेलं मांस हवं असेल तर दुसरं काही घ्या.

दुसरी, तोंडी सांगितलेले खास पदार्थ. वेटर वर्णन करतो, किंमत सांगत नाही. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

तिसरी, ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारं सुगंधी अळंबं. पांढऱ्या ट्रफलचा हंगाम शरद ऋतूपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असतो आणि ते टेबलाशी किसून ग्रॅमवर मोजलं जातं. किसणी सुरू होण्याआधी दर विचारा आणि कुठे थांबायचं ते सांगा. वर्षभर मिळणाऱ्या ‘ट्रफल फ्राइज’वर मात्र बहुधा ट्रफल ऑइल असतं, आणि त्यातला वास बहुतांशी प्रयोगशाळेत बनवलेल्या सुगंधद्रव्याचा असतो. आवडत असेल तर जरूर खा, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

४. शाकाहार, ॲलर्जी आणि विचारायचे नेमके प्रश्न

‘हे व्हेज आहे ना?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. वेटर वरवर बघून ‘हो’ म्हणतो आणि ते खोटंही नसतं, कारण वर मांस दिसत नाही. घटकाचं नाव घेऊन विचारा.

मासा. अँचोवी हा छोटा खारवलेला मासा गरम तेलात पूर्ण विरघळतो. पुत्तानेस्का सॉस, साल्सा वेर्दे, सीझर ड्रेसिंग आणि लसणावर परतलेल्या पालेभाज्या यांत तो असू शकतो, आणि डोळ्यांना दिसत नाही.

मांस. रिसोटो अनेकदा मांसाच्या स्टॉकमध्ये शिजतो, आणि मिलानच्या पारंपरिक केशरी रिसोटोत हाडातली मज्जाही असते. मिनेस्त्रोने हे भाज्यांचं सूप आणि राजम्यासारख्या कडधान्यांचं सूप यांची फोडणी कधीकधी पांचेत्तावर, म्हणजे डुकराच्या पोटाच्या खारवलेल्या मांसावर, होते. काही ब्रेडच्या कणकेत डुकराची चरबी पडते.

चीज. रेनेट म्हणजे चीज करताना दूध घट्ट करायला घालतात ते द्रव्य, आणि परंपरेनं ते वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढतात. पार्मिजानो रेजानो वासराच्या रेनेटनंच करायचं असा त्याचा नियम आहे. ग्राना पादानोही तसंच, आणि पेकोरिनो रोमानोत कोकराचं रेनेट असतं. म्हणजे काटेकोर शाकाहाऱ्यांना ही तिन्ही चालत नाहीत, आणि पेस्टोत यांतलं एखादं जवळजवळ नेहमी असतं. पेस्टो बहुधा आधीच वाटून ठेवलेला असल्यामुळे ‘चीज काढून द्या’ म्हणून उपयोग होत नाही. वनस्पतिज किंवा सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटचं चीज आहे का विचारा, नाहीतर चीज नसलेलाच सॉस निवडा. पन्ना कोटा या सायीच्या गोड पदार्थात जनावरांपासूनचं जिलेटिन असतं, हेही लक्षात असू द्या.

अंडं. ताल्यातेल्ले, पापार्देल्ले, राविओली असा ताजा पास्ता बहुतेक अंड्यातच मळलेला असतो. स्पगेटी, पेन्ने, रिगातोनी यांचा कोरडा पास्ता सहसा ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याचाच. दक्षिण इटलीचा ओरेकिएत्ते ताजा असूनही परंपरेनं अंड्याशिवाय करतात. न्योक्कीत अंडं असतंही, नसतंही. तिरामिसूत पारंपरिक पद्धतीत कच्चं अंडं असतं आणि कार्बोनारातलं अर्धवटच शिजतं. गरोदर स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे आधी विचारावं.

दाणे आणि ग्लुटेन. पेस्टोत मूळचे पाइन नट असतात, पण त्याऐवजी काजू किंवा अक्रोडही घालतात. मोर्तादेल्ला या डुकराच्या मांसाच्या सॉसेजमध्ये पिस्ते असू शकतात. ग्लुटेनमुक्त पास्ता मेन्यूवर असला तरी तो वेगळ्या पाण्यात उकळतात का, हा खरा प्रश्न. त्याच भांड्यात उकळला तर सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन अजिबात न चालणारा आजार, असणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. जिथे पिझ्झा बनतो तिथे हवेत पीठ उडत असतं, हेही धरून चाला.

अल्कोहोल. रिसोटो आणि मांसाचा रागू सॉस यांत वाइन पडते, तिरामिसूत मार्साला किंवा रम असू शकते.

> तपासा: ॲलर्जीबद्दल सांगितल्यावर वेटरनं लिहून घेतलं का? ‘मला वाटतं नसेल’ असं उत्तर आलं तर स्वयंपाकघरात विचारून यायला सांगा. युरोपीय संघात १४ ॲलर्जनांची माहिती देणं रेस्टॉरंटांना कायद्यानं बंधनकारक आहे, पण कायदा कुठलाही असो, प्रश्न तुम्हीच विचारायचा.

५. ऑर्डर दोन हप्त्यांत

स्वयंपाकघरात गेलेली चिठ्ठी परत येत नाही. सगळं एकदम लिहून दिलं आणि क्रम सांगितला नाही, तर जे आधी तयार होईल ते आधी येतं. मेन्यूच्या तळाशी ‘पदार्थ तयार होतील तसे आणले जातील’ असं लिहिलेलं असेल तर ही पद्धत ठरूनच गेलेली असते.

पहिल्या हप्त्यात फक्त अँटिपास्ती सांगा, किंवा एक पिझ्झा. ते येऊन अर्धे संपले की भुकेचा खरा अंदाज येतो. मग दुसऱ्या हप्त्यात पास्ता आणि सेकोंदो. शब्द साधे ठेवा: ‘आत्ता एवढंच आणा, पुढचं आम्ही दहा-पंधरा मिनिटांत सांगतो.’ वेटर ‘सगळं आत्ताच सांगा’ म्हणाला तर हट्ट करू नका. तेव्हा सगळं सांगा, पण अँटिपास्तीची ताटं उचलल्यावरच पास्ता टाकायला सांगा आणि ते लिहून घेतलंय याची खात्री करा.

याला अपवाद आहेत. रिसोटोला कच्च्या तांदळापासून पंधरा ते वीस मिनिटं लागतात आणि काही ठिकाणी तो किमान दोघांसाठीच करतात. अख्खा मासा आणि जाड स्टेक यांनाही वेळ लागतो. हे पहिल्या हप्त्यातच सांगून ठेवा, ‘अँटिपास्तीनंतर’ या सूचनेसह. टेबल दीड तासाचंच असेल तर दोन हप्त्यांमधलं अंतर आखडतं घ्या, आणि बसल्यापासून अर्ध्या तासाच्या आत दुसरा हप्ता गेलाच पाहिजे असं बघा.

वाटून खाणार असाल तर पास्ता स्वयंपाकघरातच दोन ताटांत विभागून देतील का, ते विचारा. पुष्कळ ठिकाणी देतात. टेबलावर काट्यानं स्पगेटी या ताटातून त्या ताटात नेताना निम्मा सॉस टेबलक्लॉथला मिळतो.

वाइन घ्यायची असेल तर थोडक्यात एवढंच. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात, त्यामुळे दोघं दोन-दोन ग्लास घेणार असतील तर बाटलीचा हिशोब करून बघा. मदत हवी असेल तर यादीतल्या एका किमतीवर बोट ठेवून ‘साधारण अशी’ म्हणा. वेटर समजतो आणि पाहुण्यांसमोर आकडा बोलावा लागत नाही. चाखायला ओततात ते वाइन बिघडलेली नाही ना हे कळावं म्हणून. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर सांगा, बाटली बदलून मिळेल. केवळ आवडली नाही म्हणून ती बदलून मागायची पद्धत नाही.

६. ताटं आल्यावर

सगळ्यांची ताटं यायची वाट बघण्याची सभ्यता पास्त्याला मानवत नाही. काचो ए पेपेसारखा चीजचा सॉस काही मिनिटांत आळतो आणि गोळा होतो. ज्याचा पास्ता आधी आला त्याला बाकीच्यांनी ‘सुरू कर’ म्हणावं. फोटो एकच काढा.

पास्ता दाताला किंचित लागतो तसाच तो अपेक्षित असतो. मात्र चावताना पीठ लागत असेल, दाताला चिकटत असेल, तर तो खरोखर कच्चा आहे. सॉस कमी वाटला तरी आधी ताटातलं नीट एकत्र करून बघा, तो खाली बसलेला असतो. स्पगेटी कापू नका. चार-पाच काड्या ताटाच्या कडेला ओढून तिथेच काटा फिरवा. ढिगाच्या मधोमध काटा खुपसला तर तोंडात न मावणारा गोळाच वर येतो.

मासे किंवा शिंपल्यांच्या पास्त्यावर चीज सहसा घालत नाहीत, कारण माशाची नाजूक चव त्याखाली दबते. तुम्हाला हवं असेल तर मागा, फक्त चीज घालायच्या आधी एक घास तसाच खाऊन बघा. मीठ-मिरीबद्दलही तेच.

> सावधान: काही बिघडलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या घासाला सांगा, आणि नेमकं सांगा: ‘मधे गार आहे’, ‘खूप खारट आहे’. तीन चतुर्थांश ताट संपवून केलेल्या तक्रारीवर कुणाला काही करता येत नाही.

७. गोड आणि कॉफी

गोडाचा विचार पास्त्याची ताटं उचलल्यावरच करा. अपवाद एकच: तिरामिसू दिवसाला ठरावीकच बनवला जातो. उशिरा गेला असाल तर ‘एक आमच्यासाठी ठेवा’ असं आधी सांगून टाका. जेवण चीजचं झालं असेल तर फळांचं सोर्बे, किंवा आईस्क्रीमवर गरम एस्प्रेसो ओतून येणारा आफोगातो बरा. त्यात कॉफीचंही काम होतं.

इटलीत एस्प्रेसो गोडाबरोबर न येता गोडानंतर येते. दोन्ही एकत्र हवं असेल तर तसं सांगा. जेवणानंतर कापुचिनो मागवणं तिथे विचित्र समजतात, इतरत्र कुणी भुवई उंचावत नाही. माझं मत विचाराल तर एवढ्या जेवणावर कपभर दूध पोटाला जडच जातं. टेबलाची वेळ संपत आली असेल तर कॉफी काउंटरवर उभ्यानं घेता येते का बघा. तुमचं टेबल मोकळं होतं आणि गप्पाही तुटत नाहीत.

८. बिल आणि उरलेलं

बिल आलं की आधी ओळी वाचा, मग बेरीज. न मागवलेलं काही लागलंय का? पाण्याच्या बाटल्या बरोबर आहेत का? वजनावरच्या पदार्थाचे ग्रॅम वेटरनं सांगितले होते तेवढेच आहेत का? सर्व्हिस चार्ज आधीच लावला असेल तर कार्डयंत्रावर पुन्हा टिप विचारली गेली तरी ती देणं तुमच्या मर्जीवर आहे. घाईत दोनदा टिप दिली जाते ती इथेच.

उरलेलं बांधून घ्यायला लाजू नका, पण सगळंच बांधून घेण्यासारखं नसतं. पिझ्झा, मांसाचा रागू, भाजलेल्या भाज्या घरी चांगल्या राहतात. तळलेलं मऊ पडतं. रिसोटो घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी त्याचे गोळे करून तळणार असाल तरच न्या. डबा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, म्हणून जेवणानंतर फिरायला जायचं असेल तर बांधून घेऊच नका.

पिझ्झा मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतो. कोरड्या तव्यावर मंद आंचेवर ठेवा, तळ कुरकुरीत झाला की बाजूला पाण्याचे दोन थेंब टाकून झाकण घाला, चीज मिनिटभरात वितळतं. टोमॅटोचा पास्ता कढईत चमचाभर पाणी घालून गरम करा. कार्बोनारा मात्र टेबलावरच संपवा. पुन्हा गरम केला की त्यातलं अंडं फाटतं आणि सॉसच्या जागी गुठळ्या उरतात.